बिनमिठाची फळी

इनायतचाचांना भुवया नव्हत्या. भट्टीच्या तोंडात वाकून वाकून त्या कधीच जळून गेल्या होत्या, आणि नव्या उगवायच्या आत पुन्हा जळायच्या. त्यामुळे हा माणूस रागावलाय की हसतोय हे चेहऱ्यावरून कळायचं नाही, आवाजावरून ओळखावं लागे. त्यांची बायको सलीमाचाची सांगायची, "निकाह झाला तवा होत्या बाई, मी डोळ्यानं पाह्यल्या. मंग हे भट्टी आली माया घरात सवत बनून."

मी चंद्रपूरजवळच्या त्या पॉटरीत १९९६ साली लागले. गाव माझं नागभीडकडचं, शिक्षण रसायनशास्त्राचं, वर उत्तरेत खुर्ज्याला, चिनीमातीच्या भांड्यांच्या गावात, थोडं ट्रेनिंग. काम होतं माती तपासायचं. आमच्याकडे लोणच्याच्या बरण्या व्हायच्या, खाली पिवळट आणि वर तपकिरी, आणि त्या भाजणारे मिस्त्री म्हणजे इनायतचाचा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "पोरी, आग पाह्यली का कधी?" मी म्हटलं, "रोज पाहते, घरी चूल आहे." उत्तर आवडलं असावं. दुपारी त्यांच्या डब्यातली अर्धी अंडाकरी माझ्या ताटलीत आली, आणि मी नको म्हटलं तर ऐकूच आलं नाही असा चेहरा केला. भुवया नसल्यामुळे तो चेहरा त्यांना छान जमायचा.

भट्टीचं आतलं काम समजायला कपाट डोळ्यांपुढे आणा. विटांच्या खुंट्यांवर जाड फळी, फळीवर बरण्या, त्यांच्यावर पुन्हा खुंट्या, पुन्हा फळी, असं छतापर्यंत. या फळ्याही मातीच्याच, पण आग सोसणाऱ्या. एक माणूस आत बसून रचतो आणि दुसरा बाहेरून देतो. आत बसायचा हरिदास, कारण तो बुटका आणि हाताचा हलका. बाहेरून द्यायचे चाचा. प्रत्येक फळी देण्याआधी ते तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि कान लावून म्हणायचे, "बोल." फळी खणखणली की आत जायची. बद्द वाजली की कचऱ्यात. ही जोडी मी येण्याच्या कितीतरी आधीपासूनची होती. दोघं दिवसभर भांडायचे आणि एकाच तंबाखूच्या पुडीतून खायचे.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात एक फळी मोडली. भट्टी भरत आली होती, हरिदास आत उकिडवा बसला होता, आणि त्याच्या डोक्याच्या जरा बाजूची फळी मधोमध तडकून बरण्यांसकट खाली आली. डोकं वाचलं, पण उजव्या पायाच्या पंजाचा चुरा झाला. ती फळी चाचांनी वाजवून, ऐकून, पास केलेली होती.

हरिदास परत आला तेव्हा पावसाळा सरत आला होता. लंगडत आला, वाळवणीच्या शेडमध्ये बसून बरण्यांची तोंडं घासायचं काम मागून घेतलं, आणि मॅनेजर वामनरावांना सांगितलं की भट्टीत आता पाय ठेवणार नाही. चाचांशी बोलणंही बंद केलं. समोरासमोर बसलेले असले तरी मला म्हणायचा, "त्याले सांगा, पान्याची बाल्टी इकडे सरकव." चाचा बादली सरकवायचे आणि मला म्हणायचे, "त्याले सांग, सरकवली." मी दोघांमध्ये टपालवाल्यासारखी. एकदा चिडून म्हटलं, "तुमचं तुम्ही बोला की, तोंडं काय भाड्यानं दिलीत?" मला राग आला होता हे खरं, पण चाचांचा डबा त्या दिवशीही अर्धा तसाच परत गेला, तो पाहून मी पुन्हा निरोप पोचवायला लागले.

भट्टी चालू होती. आत बसायला दुसरा माणूस मिळाला होता. पण चाचांचं लक्ष उडालं होतं. फळी वाजवायचे आणि मग तशीच हातात धरून उभे राहायचे. एक दिवस माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "माया कानावर आता माया भरोसा नाई राह्यला. आवाज बरोबर देते अन् मंग धोका देते. मले अशी फळी पाहिजे का जिच्याखाली हरिदास डोये मिटून बसन. तुया पुस्तकात हाय का अशी?"

पुस्तकात होती. मी त्यांना सांगितलं की फळी वजनानं क्वचितच मोडते. ती तापली की फुगते आणि निवली की आकसते, प्रत्येक भट्टीला तेच. फुगून आकसून तिच्या अंगात बारीक भेगा पडतात, आणि एक दिवस त्या एकमेकींना भेटतात. उपाय म्हणजे फुगणारच नाही अशी फळी. कॉर्डिएराइट नावाचा एक स्फटिक आहे, तो फळीच्या अंगात तयार झाला पाहिजे. हा स्फटिक तापल्यावर दोन बाजूंनी थोडा फुगतो आणि तिसऱ्या बाजूनं थोडा आकसतो. हिशेब मिटून जातो आणि फळी जागच्या जागी राहते.

"एक फुगते, एक आकसते," चाचा म्हणाले. "म्हंजे मी अन् हरिदास."

आणखी एक गोष्ट सांगितली ती त्यांना सगळ्यात आवडली. कोळशाच्या थराला जमिनीखाली आग लागते, वरची माती भाजून निघते, आणि त्या भाजलेल्या मातीत कॉर्डिएराइटचा सख्खा भाऊ सापडला होता, बोकारोच्या कोळसापट्ट्यात. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला आपल्या देशावरून इंडियालाइट नाव दिलं. कोळशाच्या गावात वाढलेल्या माणसाला हे ऐकून घरचं लग्न ठरल्यासारखा आनंद झाला. "म्हंजे आपलाच हाय तो," असं ते आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की चाचांचा कोणी नातेवाईक परगावाहून येतोय.

वामनरावांनी जुनी चाचणीची भट्टी वापरायला दिली. ती मोठ्या पेटाऱ्याएवढी, कोळशावर चालणारी. सामान तसं साधंच होतं. शंखजिरे, म्हणजे पावडरीच्या डब्यात असतो तो मऊ दगड, त्याची पूड, पांढरी चिनीमाती आणि ॲल्युमिना नावाची पांढरी पूड. शिवाय जुन्या भाजलेल्या फळीचा चुरा लागणार होता. दुधाला विरजण लागतं तसं, मी म्हटलं. जुन्या चांगल्या फळीत थोडे कॉर्डिएराइटचे कण आधीच असतात, त्यांच्या भोवती नवे लवकर धरतात.

चुरा करायला कुटणारं माणूस हवं होतं. शेडमध्ये सगळे ऐकत होते. हरिदास माझ्याकडे पाहून म्हणाला, "ते मोडलेली फळी कुठी हाय? माया पायावर पडली ते. ते मी कुटतो."

ती फळी चाचांनी शेडच्या मागे पोत्याखाली जपून ठेवली होती, हे मला त्या दिवशी कळलं. पोतं उचलून त्यांनी ते तुकडे हरिदासच्या पुढ्यात आणून ठेवले आणि निघून गेले. हरिदासनं पाय लांब केला, खल मांडीशी ओढला आणि कुटायला लागला. पहिले दोन दिवस त्यानं ती फळी कुटली नाही, बडवली. माती कालवणारी धुरपता, एटापल्लीकडची, फार न बोलणारी बाई, तीसुद्धा म्हणाली, "भाऊ, मेली ते आता." तिसऱ्या दिवशी हात मंद झाला. मग तो चाळणीनं चाळायला लागला, आणि जाड कण राहिला तर पुन्हा खलात टाकून बारीक करायला लागला. मला बरं वाटलं, पण बोलले नाही. अशा वेळी बोललं की माणसं पुन्हा कवाडं लावून घेतात.

पहिली खेप फसली ती सवयीनं. बरण्या जेवढ्या आचेवर पिकतात तिथं चाचांचा हात आपोआप आवरता झाला. फळ्या निघाल्या पांढऱ्याशुभ्र, वाजायला देवळातल्या घंटेसारख्या. मी एक फळी निखाऱ्यांवर तापवली आणि वरून थंड पाण्याचा तांब्या ओतला. टच्च आवाज झाला आणि दोन तुकडे. मी समजावलं की त्या आचेला मातीत आधी वेगळेच स्फटिक धरतात, दिसायला चांगले पण आपल्या कामाचे नाहीत. आणखी वर गेलं, तेराशे अंशांच्याही पुढे, आणि तिथं आच धरून ठेवली, की ते मोडून त्यांच्यातून कॉर्डिएराइट होतो. पण आणखी थोडं वर गेलं की सगळंच वितळतं. मधली जागा अगदी अरुंद. चाचा म्हणाले, "सलीमाच्या मिजाजीसारखी." चाची तिथंच डबा घेऊन उभी होती.

दुसऱ्या खेपेला सगळी पॉटरी गुंतली. वामनराव उगाचच दिवसातून चारदा चक्कर मारायचे. धुरपता येता-जाता भट्टीला हात जोडायची. चाचा दोन दिवस जेवण आणि नमाज सोडला तर भट्टीच्या तोंडापासून हलले नाहीत, आच बरोबर त्या अरुंद जागेत नेली आणि तिथं धरली. खोकला मात्र सगळ्यांना फार झाला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. "या खेपेचा कोळसा खराब हाय," चाचांनी निकाल दिला.

भट्टी निवल्यावर सकाळी उघडली. फळ्या मधोमध खाली वाकल्या होत्या, झोळीसारख्या.

चाचा खाली बसले. म्हणाले, "माया हातातून गेलं पोरी सारं. आता हात बी गेला अन् कान बी गेला." आणि शेडकडे पाहिलं. हरिदास तिथून बघत होता. चाचांनी मान वळवली. त्या क्षणी मला सगळ्या स्फटिकांचा, पुस्तकांचा आणि माझ्या शहाणपणाचा कंटाळा आला. मी या म्हाताऱ्या माणसाला आशा लावली होती, आणि ती अशी वाकून पडली होती.

मग मी फळी उन्हात नेली, आणि ती चमकली.

आम्ही फळीला चमक लावलीच नव्हती. बरणीला ग्लेझचा हात देतात तसा फळीला कोणी देत नाही, दिला तर बरणी फळीलाच चिकटेल. मग हे काचेसारखं कुठून आलं? मी फळी चाचांपुढे धरली. त्यांनी अंगठा फिरवला. संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबड होती. त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला आणि ताडकन उभे राहिले.

"मीठ!" ते ओरडले. "जवान होतो तवा पाइपाच्या कारखान्यात होतो मी. पूर्ण आच आली का भट्टीत मीठ फेकत, मंग पाइप अश्शे चमकत. माया भट्टीत मीठ कोनं टाकलं?"

सगळे जमले. चाचांचा आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरची सायकल थांबली.

पहिली चाची पुढे आली. डब्याची पिशवी छातीशी धरून म्हणाली, "नजर लागली होती तुमच्या कामाले. मी मीठ-मिरच्या ओवाळल्या अन् टाकल्या आगीत. एकच मूठ. मोठ्या भट्टीत तं दरवेळी टाकतो, कवा काई नाई झालं."

"मिरच्या बी टाकल्या?" मी विचारलं. खोकल्याचा उलगडा झाला.

वामनराव घसा साफ करून म्हणाले की त्यांच्या सौभाग्यवतींनी कागदात मीठ-मोहऱ्या बांधून दिल्या होत्या, घरी रोज विचारायच्या, टाकलं का म्हणून, तेव्हा टाकलं. मॅनेजर माणूस, अंगठ्यानं शर्टाचं बटण फिरवत उभा होता. धुरपतानं सांगितलं की तिनं मोहाची फुलं ठेवली, मीठ नाही. सगळे तिच्याकडे नाराजीनं बघायला लागले होते, ते थांबले. फुलं जळून गेली होती, त्यांचा काही दोष नव्हता.

मी समजावायला लागले की मिठातला सोडा आचेनं उडतो आणि फळीच्या मातीतल्या वाळूच्या अंशाशी मिळून काच होते. मोठी भट्टी मूठभर मीठ पचवते, तिथं बरण्यांवर चमक हवीच असते. या पेटाऱ्याएवढीला पचत नाही. काच झाली की स्फटिकांची पकड सुटते, फळी मऊ पडते, वाकते. पण माझ्याच मनात हिशेब बसत नव्हता. दोन मुठींनी एवढं वाकणार नाही. मी तसं बोलून दाखवलं.

शेडच्या खांबाला टेकून हरिदास उभा होता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "त्याले सांगा..." आणि थांबला. मग खाली बघत बोलला, "पुडी होती. खड्याच्या मिठाची. आखी पुडी. दोन्ही दिवस टाकली मी, सारे जेवाले गेले का. मले वाटलं, ह्या खेपेले जमलं पाहिजे त्याचं. रोज डबा तसाच नेते वापस. खाऊन नाई राह्यला नीट."

हरिदास लंगडत भट्टीच्या तोंडापर्यंत येऊन, आमची नजर चुकवून, चाचांच्या कामाची नजर काढत होता, आणि काम तिथंच बुडत होतं. मला हसूही आलं आणि रडूही. चाचा मात्र हातातल्या वाकलेल्या फळीकडे बघत राहिले. मग ती त्यांनी पदरात घ्यावी तशी दोन्ही हातांत घेतली, भिंतीशी नेऊन ठेवली आणि म्हणाले, "ही फेकाची नाई."

तिसऱ्या खेपेला चाचांनी भट्टीच्या तोंडापुढे तीच फळी मांडली आणि तिच्यावर बसले. मधोमध वाकलेली असल्यामुळे बसायला फार सोयीची, ते म्हणाले. तिथून उठायचे ते नमाजाला, आणि तेवढा वेळ मला बसवून जायचे, पण आधी माझ्या मुठी उघडून बघायचे. नजर काढायला कोणाचीच ना नव्हती. काढा, ओवाळा, आणि मीठ तिकडे नालीत टाका, असा हुकूम होता. चाचीनं इतकं मनावर घेतलं की त्या दिवशी डब्यातल्या भाजीतही मीठ नव्हतं. चाचांनी ती निमूट खाल्ली, आणि पुष्कळ दिवसांनी डबा रिकामा परत गेला.

फळ्या निघाल्या त्या मळकट पिवळसर. चमक नाही, रूप नाही, वाकही नाही. चाचांनी पेरानं वाजवली, पण "बोल" म्हणाले नाहीत. फळी माझ्याकडे दिली. मी निखाऱ्यांवर तापवली, पाणी ओतलं. फस्स करून वाफ आली. पुन्हा तापवली, पुन्हा ओतलं. वामनरावांनी तांब्या माझ्या हातातून घेऊन स्वतः ओतलं. फळी होती तशीच राहिली. टच्च काही आलंच नाही, आणि आम्ही सगळे त्या न आलेल्या आवाजाकडे कान लावून उभे होतो. चाचीनं डोळ्याला पदर लावला. हरिदास गर्दीच्या मागे होता, तो पुढे आला नाही. निवलेल्या फळीवरून त्यानं नंतर, आम्ही पांगल्यावर, हात फिरवलेला मी पाहिला. त्याच्या हातचा चुरा तिच्यात होता.

मोठ्या भट्टीसाठी पुरेशा फळ्या व्हायला हिवाळा आला. भरायच्या सकाळी चाचा बाहेर फळ्यांच्या थप्पीशी उभे राहिले. आत बसणारा माणूस त्या दिवशी उशिरा येणार असं वामनराव सांगत होते, आणि सांगताना त्यांचा अंगठा पुन्हा शर्टाच्या बटणावर होता. त्या माणसाला सुट्टी त्यांनीच दिली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त चाचांना नव्हतं. चाचा म्हणाले, "मंग मीच बसतो आत."

"त्याले सांगा," मागून आवाज आला, "त्याच्या गुडघ्यानं ते होत नाई."

हरिदास आला. चप्पल काढून बाजूला ठेवली. दाराच्या विटेला धरून आधी चांगला पाय आत टाकला आणि मग दुखरा पाय हातानं उचलून आत घेतला. अंधारात जाऊन त्याच जागी, कोपऱ्यात, उकिडवा बसला. खुंट्या त्यानं स्वतः लावल्या.

चाचांनी पहिली फळी उचलली. पेर उगारलं आणि तसंच हवेत ठेवलं. फळी एका हातावर कलायला लागली तशी मी तिची एक बाजू धरली. भुवया नसलेल्या त्या चेहऱ्यावरून पाणी सरळ डोळ्यांत उतरायचं, घाम की दुसरं काही ते एरवी कळायचं नाही. त्या दिवशी थंडी होती.

"काय झालं?" आतून हरिदासचा आवाज आला. यात ना मी होते, ना "त्याले सांगा" होतं. "देऊन राह्यला का नाई, इनायतभाऊ? वाजवून दे. तू वाजवल्याशिवाय मी डोक्यावर घेत नाई."

चाचांनी फळी वाजवली आणि आत दिली.